पटावरून कमी

३ मार्च २०२५
रहाटणी

कस्तुराताई,

हे पत्र पोचलं तर ओवीच वाचून दाखवेल, म्हणून अक्षर मोठं आणि सुटं काढते आहे. ओवी, सावकाश वाच बाळा. अडलीस तर त्या शब्दावर बोट ठेव आणि वाक्य परत पहिल्यापासून घे. घाई नाही.

मी शैला, ओवीची चौथीची वर्गशिक्षिका. तुमचा फोन डिसेंबरपासून बंद लागतो. शेवटी शाळेच्या कागदांतून तुमचा सेनगाव तालुक्यातला गावचा पत्ता काढला. तुमच्या इथल्या शेजारच्या खोलीतल्या सुमनताई परवा चाकणच्या बाजारात भेटल्या. त्यांच्याकडून कळलं की तुम्ही सगळे बरे आहात, सिद्धेश आता पळायला लागलाय, ओवीचे बाबा अजून गाड्या वाहणाऱ्या ट्रेलरवरच आहेत आणि पंधरा-वीस दिवसांनी गावाकडे येऊन जातात. आणि हेही कळलं की ओवी तिकडे शाळेत जात नाही. घरी असते, सिद्धेशला सांभाळते.

ऐकून मला काहीतरी व्हायला हवं होतं. झालं नाही. मी बाजारातून मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि घरी आले. चाकणला शाळेत जाते, शिकवते, तळेगाव चौकात पाऊण तास अडकते, परत येते. आमचे मिस्टर, मधुसूदन, विचारतात, गप्प का? मी म्हणते, ट्रॅफिक.

एक कळवायचं होतं. गैरहजर राहणाऱ्या मुलांवर मी यंदा कृतिसंशोधन केलं. तुम्हाला आठवत असेल, मी वही घेऊन तुमच्या खोलीवर आले होते आणि तुम्ही गुळाचा चहा केला होता. त्या संशोधनाला शिक्षकांच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालंय. त्यात ओवीचा मोठा वाटा आहे, म्हणून कळवते.

कंपनीने तुम्हाला असं एकाएकी का काढलं, ते काही मला समजलं नाही. ऐकून वाईट वाटलं.

ओवीला घरी बसवू नका. गावातल्या शाळेत विचारा. दाखला लागला तर मी पाठवते. माझा पत्ता घालून, तिकीट लावून एक पाकीट सोबत ठेवलंय. ओवीने दोन ओळी लिहिल्या तरी पुरे.

शैला मॅडम


१५ मार्च २०२५
रहाटणी

कस्तुराताई,

पाकीट आलं नाही. टपालाला वेळ लागत असेल.

ओवी, हे पत्र आईला पूर्ण वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस.

आधी ते कृतिसंशोधन म्हणजे काय ते सांगते. नाव मोठं आहे, काम साधं आहे. शिक्षकाने आपल्याच वर्गातली एक अडचण धरायची. ती का येते ते बघायचं. एक उपाय करायचा, काय फरक पडला ते मोजायचं आणि लिहून ठेवायचं. फरक नाही पडला तर तसंही लिहायचं आणि दुसरा उपाय करायचा. पुस्तकात एवढंच आहे. आमच्याकडे बहुतेक जण झेरॉक्सच्या दुकानातून तयार अहवाल आणतात आणि शाळेचं नाव बदलून देतात. मी तसलं कधी केलं नाही. त्याचा मला तोरा होता.

माझ्या वर्गात सहा मुलं सारखी गैरहजर राहायची. सगळ्यात जास्त ओवी. चाळीस दिवसांत चौदा दिवस हजर. मी रकाने आखले, कारणं लिहिली. आजारपण, अभ्यासाची नावड, पालकांचं दुर्लक्ष. दुर्लक्ष हा शब्द मी तुमच्यासाठी लिहिला होता कस्तुराताई, तो नंतर खोडला.

ओवी दर शनिवारी माझ्या टेबलापाशी येऊन सांगायची, "मॅडम, सोमवारपासून आईची फर्स्ट," नाहीतर, "सोमवारपासून आईची सेकंड." मी म्हणायचे, "बरं, बस खाली." जूनपासून नोव्हेंबरपर्यंत हेच. एकदा तिची गणिताची वही तपासताना शेवटचं पान उघडलं. तिने चौकोन पाडले होते, एका आठवड्याला एक, आणि आत लिहिलं होतं, फ, से, फ, से. पुढच्या मे महिन्यापर्यंत. मी हजेरी त्याच्या शेजारी धरली. ज्या आठवड्यात तुमची फर्स्ट शिफ्ट, त्या आठवड्यात ओवीच्या नावापुढे सगळे शून्य. तुम्ही सहाच्या कंपनी बसने जाणार, तीननंतर येणार, तोवर सिद्धेशपाशी कोण? सेकंडच्या आठवड्यात तुम्ही दुपारपर्यंत घरी, म्हणून ओवी मधल्या सुट्टीपर्यंत शाळेत. मी तीन महिने जे शोधत होते ते तिने वहीच्या मागे आखून ठेवलं होतं, आणि ती ते मला दर आठवड्याला तोंडाने सांगत होती. अहवालात मी लिहिलं, "संशोधिकेच्या निदर्शनास आले."

मग मी तुमच्याकडे आले. तुम्हाला कायम सेकंड मिळाली तर ओवी रोज येईल, मी कंपनीला शाळेचं पत्र देते, असं म्हटलं. तुम्ही चहाचा कप खाली ठेवून म्हणालात, "मॅडम, कागद नका करू. तोंडी सांगा कुणाला सांगायचं ते. कागद केला की आमच्यावरच येतंय बघा."

मी हो म्हटलं.

आणि पंचवीस नोव्हेंबरला शाळेच्या लेटरहेडवर पत्र लिहिलं, गोल शिक्का मारला, जावक क्रमांक टाकला आणि तुमच्या ठेकेदाराच्या ऑफिसात देऊन पोच घेतली. मोठ्या सरांना दाखवलंसुद्धा नाही. त्यात लिहिलं होतं, "सदर कर्मचारी आपल्या दोन वर्षांच्या बालकास नऊ वर्षांच्या मुलीच्या भरवशावर घरी ठेवून कामावर येतात. परिणामी मुलगी शिक्षणापासून वंचित राहते." खाली माझी सही.

तुम्ही नको म्हणाला असताना का लिहिलं, ते सांगते. अहवालाच्या शेवटी परिशिष्टं जोडावी लागतात. तक्ते, फोटो, पत्रव्यवहार. तक्ते होते, फोटो होते, पत्रव्यवहार नव्हता. ते पत्र माझं परिशिष्ट चार आहे.

आठवड्याभरात तुमचा गेट पास काढून घेतला. मागच्या पत्रात मी लिहिलं की का काढलं ते समजलं नाही. ते खोटं होतं. मला दोन डिसेंबरलाच समजलं होतं.

शैला


२९ मार्च २०२५
रहाटणी

कस्तुराताई,

बक्षीस समारंभ झाला. आकुर्डीच्या एका हॉलमध्ये होता. शाल, नारळ, स्मृतिचिन्ह. मला मंचावर बोलायला दहा मिनिटं दिली होती. परिशिष्ट चार पडद्यावर दिसलं तेव्हा एक पाहुणे म्हणाले की शाळा आणि उद्योग यांना जोडणारं असं काम व्हायला पाहिजे. टाळ्या वाजल्या. मी पडद्यावरची माझी सही बघत होते. चांगली दिसत होती.

प्रश्न विचारा म्हटल्यावर एकच बाई उठल्या. पुनावळ्याच्या एका शाळेतल्या, तनुजा नाव, वयाने लहान. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या आधीच्या तक्त्यात सहा मुलं आहेत. नंतरच्या तक्त्यात पाच आहेत. सहावं मूल कुठे गेलं?"

मी म्हटलं, "स्थलांतरित."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि बसल्या. पुढच्या शिक्षकाचं नाव पुकारलं गेलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मिस्टर गाडी धुवायला खाली गेले होते. मी जेवणाच्या टेबलावर हजेरीपत्रक मांडून बसले. तुम्हाला हे आकडे कदाचित निरर्थक वाटतील, पण ओवीला कळतील. ओवी, तू शेकडेवारी अजून शिकली नाहीस, तरी बघ.

उपाय करण्याआधी सहा मुलांची हजेरी अडुसष्ट टक्के होती. नंतर पाच मुलांची सत्त्याहत्तर टक्के झाली. नऊ टक्के वाढ. बक्षीस त्या नऊ टक्क्यांना आहे. पण उरलेल्या पाच मुलांची हजेरी आधीही पंचाहत्तर होती. म्हणजे माझ्या उपायाने त्यांच्यात दोन टक्क्यांचा फरक पडला, तो थंडी कमी झाली म्हणूनही पडला असेल. बाकीची सगळी वाढ ओवी नसल्यामुळे आहे. सगळ्यात जास्त गैरहजर राहणारी मुलगी गेली आणि वर्गाचा टक्का वर चढला.

तिचं नाव मीच काढलं. नऊ डिसेंबरला, लाल पेनाने आडवी रेघ, शेवटच्या रकान्यात "स्थलांतर, पटावरून कमी". मोठे सर म्हणाले होते, खोली रिकामी झालीय ना, मग करा कमी. दाखला कुणी मागायला आलं नव्हतं. ती दुसऱ्या कुठल्या शाळेत बसली का, हे मी विचारलं नाही. ती रेघ मारताना मी पट्टी धरली होती, वाकडी जाऊ नये म्हणून.

नाव ठेवलं असतं आणि तिच्यापुढे शून्य मांडत गेले असते तर शेवटचा आकडा चौसष्ट येतो. अडुसष्टचा चौसष्ट. म्हणजे उपायाने नुकसान झालं. हा आकडा मी पाच वेळा काढला. प्रत्येक वेळी चौसष्टच.

मला रडू येत नाही, हे तुम्हाला का सांगते कोण जाणे. मला वाटतं रडू आलं असतं तर पत्र लिहिलं नसतं.

शैला


२१ एप्रिल २०२५
रहाटणी

कस्तुराताई,

तुमचं उत्तर नाही, तरी लिहिते. रागावून उत्तर देत नसाल तर ते बरोबर आहे.

मी तीन गोष्टी केल्या.

पहिली, मोठ्या सरांना म्हटलं, ओवीचं नाव पटावर परत घ्या. दाखला नेलेला नाही, कुठे शिकत नाही, म्हणजे ती आपलीच आहे. नानासाहेब सर वाईट माणूस नाहीत, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत इतकंच. म्हणाले, "शैला मॅडम, बक्षीस मिळालं, फोटो आला, आता वर्ष संपताना शून्याचा धनी पटावर घेऊन काय मिळवणार?" मी म्हटलं, काही नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. मी नाव लिहिलं. डिसेंबरपासूनचे सगळे शून्य एकेक करून मांडले. हात दुखला.

दुसरी, अहवाल सुधारून स्पर्धेच्या कार्यालयात दिला. सहा मुलं, चौसष्ट टक्के, परिकल्पना असिद्ध. तिथल्या माणसाने तो उलटसुलट बघितला. म्हणाला, "मॅडम, बक्षीस परत घ्यायचा फॉर्म आमच्याकडे नसतो हो." स्मृतिचिन्हही घेईना. ते शाळेच्या कपाटात नकाशांच्या मागे ठेवलंय.

तिसरी, तुमच्या ठेकेदाराकडे गेले. जयदीप. अठ्ठावीस-तीसचा मुलगा, इथल्याच गावचा, बोलायला सरळ. पाणी दिलं. म्हणाला, "मॅडम, खरं सांगू का, मी घाबरलो. दोन वर्षांचं बाळ घरी एकटं असतं असं शाळा लेखी देते, वर शिक्का. उद्या तिथं काय झालं तर हाच कागद घेऊन लोक माझ्या दारात येणार. मी म्हटलं नको बाबा लफडं." मी विचारलं, आता परत घेता का? तो म्हणाला जागा भरली. मी उठले तर मागून म्हणाला, "तुम्ही एक फोन केला असता ना मॅडम, तर मी त्यांना सेकंडलाच ठेवलं असतं. निम्म्या बायका फर्स्ट मागतात, निम्म्या सेकंड मागतात. मला काय, माणसं भरली म्हणजे झालं."

मी जिना उतरले. खाली चहाच्या टपरीवर उभी राहिले. चहा घेतला, पूर्ण प्यायला.

म्हणजे तुम्ही सांगितलं होतं तेच. तोंडी सांगा. तुम्हाला तुमचं काम, तुमची माणसं माहीत होती. मी वही घेऊन आले, तुम्हाला वीस प्रश्न विचारले, आणि मग तुमचं एकच वाक्य होतं ते लिहून घेतलं नाही. संशोधन ज्याच्यासाठी करायचं त्याला बरोबर घेऊन करायचं असतं, हे मी दर वर्षी नवीन शिक्षकांना प्रशिक्षणात सांगते. फळ्यावर लिहूनसुद्धा देते.

या वेळी आधी विचारते. मी काय करू? तुम्हाला परत यायचं असेल तर दुसरीकडे काम बघू का? खोली बघू का? की ओवीचा दाखला पाठवून गप्प बसू? तुम्ही जे सांगाल ते, आणि तेवढंच.

शैला


६ मे २०२५

मॅडम,

मी ओवी. तुमची चारही पत्रं आली. पाकीट सिद्धेशने भिजवलं होतं, म्हणून पोस्टमन काकांकडून नवीन आणलं.

पत्रं मीच वाचून दाखवते. पहिलं मी पूर्ण वाचलं. दुसरं आधी मनात वाचलं आणि आईला वाचलं नाही. मी माझ्या मनाने वाचलं. शाळेतल्या शेवग्याला शेंगा आल्यात असं सांगितलं. तिसऱ्याला सांगितलं की गॅदरिंग झालं आणि तुम्ही माझी आठवण काढली. चौथ्याला सांगितलं की तुम्ही म्हणता ओवीला शाळेत घाला. ते खोटं नाही.

मॅडम, मला कागदाचं माहीत होतं. गेट पास घेतला त्या दिवशी ठेकेदाराच्या ऑफिसातल्या दादाने आईला कागदाची झेरॉक्स दिली आणि म्हणाला, वाचा तुमच्या शाळेने काय लिहिलंय. आईला येत नाही, म्हणून तिने घरी आणून मला दिला. मी वाचला. परिणामी शब्द मला अडला, मी परत पहिल्यापासून घेतलं. आई म्हणाली, सही कुणाची आहे? मी सही ओळखली, माझ्या वहीवर दर शनिवारी असते. मी म्हणाले, मोठ्या सरांची. तेव्हापासून आई मोठ्या सरांना लई बोलते. तुम्हाला नाही बोलत. आई म्हणायली, मॅडम चांगल्या, आपल्या घरी येऊन चहा पिऊन गेल्या, गावाकडं गेलो तरी इसरल्या नाहीत. तिने तुमच्यासाठी हळकुंडं बाजूला काढून ठेवलीत. आजोबा पुण्याला कधी गेले तर पाठवणार आहे.

आई म्हणाली, मॅडम इतकं म्हणतात तर जूनमध्ये तुला शाळेत घालते. सिद्धेशला आजी बघणार. गावातले सर म्हणाले दाखला आणा. तुम्ही विचारलं ना काय करू, तर दाखला पाठवा.

पण दाखल्यावर तुमची सही नको. मोठ्या सरांची असू द्या. कारण मी दुपारी आईला शिकवते. तुम्ही आम्हाला शिकवलं तसं, आधी जोडाक्षर नसलेले शब्द. आई आता कमळ, बाजार, गवत, पाऊस वाचते. शैला पण येईल तिला. तो कागद तिने ट्रंकेत जपून ठेवलाय, आणि रोज म्हणते मला नीट वाचता आलं की पहिला तोच वाचणार. मी तिला हळूहळू शिकवते. मला भीती वाटते की तिला कळलं तर ती मला शाळेत पाठवणार नाही. म्हणून मी जोडाक्षरं अजून काढली नाहीत.

तुमची विद्यार्थिनी
ओवी
इयत्ता चौथी


१२ जून २०२५
रहाटणी

ओवी,

तुझं पत्र मी शाळेत उघडलं. सुट्टी होती, ऑफिसात कुणी नव्हतं. वाचलं. मग रडू आलं. तुला हे सांगायचं नाही असं आधी ठरवलं होतं, पण तू माझ्यासाठी सहा महिने इतकं झाकून ठेवलंस, तर मी हे झाकण्यात अर्थ नाही.

त्या दादाने आईला कागद दिला आणि तो तुला वाचावा लागला. मग मी चार पत्रं लिहिली आणि चारही वेळा तुलाच म्हटलं, आईला वाचून दाखव. मीही तेच केलं. ते काम तुझं नव्हतं. आता ते संपलं.

दाखला सोबत आहे. आई आणि गावातल्या सरांना चालेल असा, वर्षभराच्या हजेरीसकट. तुझ्या गावच्या सरांशी मी फोनवर बोलले, तुझ्या आईचं बोलणं झालंय हे तू लिहिलं होतंस म्हणून. कागद काही केला नाही. सोळा तारखेला शाळा उघडते. ते म्हणाले दाखला असो नसो, मुलगी आणून बसवा, पाचवीत घेतो.

दाखल्यावर वर्गशिक्षकाच्या जागी मी सही केली आहे. तू नको म्हणालीस, तरी केली. मागच्या वेळी आईने नको म्हटलं तरी मी केलं होतं, आणि आता तुझं ऐकत नाही, म्हणजे ही बाई सुधारत नाही असं तुला वाटेल. पण बघ, मागच्या वेळी आईला न सांगता केलं. आता आईपासून लपवून करायचं, तर ते तेच झालं. आणि ती एक दिवस ट्रंक उघडणारच. तेव्हा तिला माझं नाव दिसेल, आणि मग तुझं खोटं दिसेल. मला तिने माझ्यावर रागवायला हवंय, तुझ्यावर नाही.

ती तुला शाळेत पाठवणार नाही अशी तुला भीती आहे. मलाही आहे. या भीतीवर माझ्याकडे उपाय नाही, ओवी. कुठल्याच पुस्तकात नाही.

आणि जोडाक्षरं काढ. तिला पुढे शिकव.

आत एक वेगळा दुघडी कागद आहे. दुरेघी वहीचा, अक्षरं मोठी आहेत, जोडाक्षर एकही नाही. तो तू उघडू नकोस. आईच्या हातात दे आणि सिद्धेशला घेऊन बाहेर जा. तिला वेळ लागेल. ती अडली तरी आत जाऊन सांगू नकोस, बोट ठेवून परत पहिल्यापासून घेईल.

शैला मॅडम


ताई,

कागद मी केला होता.
मोठे सर नाही. मी.
तुमचे काम मी घालवले.
ओवीला रागावू नका.
राग माझा करा.
ओवीला शाळेत बसवा.
हळद मला नको.

शैला